बयाजीची पाचर

शके पंधराशे बासष्ट. शिशिर ऋतू, माघ वद्य पंचमी. तेव्हा काय झालं ते ऐका. मध्ये बोलायचं नाही.

एका डोंगराच्या पोटात एक गाव होतं. शत्रूच्या भीतीनं पणजोबा आत शिरले आणि दार असं चिणून बसले की पुढं ते कुणाला सापडेना. शत्रू कधीच मेला, बरं का. गाव आपलं दिव्याच्या उजेडातच. पोरांची हाडं मेणासारखी मऊ झाली. बयाजी पाथरवटाची नात येसू सात वर्षांची, पण उभी राहत नव्हती.

तिथला राजा तरणा होता. म्हणाला, "आजच छत फोडा!"

बयाजी म्हणाला, "महाराज, डोंगर आहे हा, मडकं नव्हे. आधी भोकं पाडायची. त्यांत लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, त्यांना पाणी पाजायचं. लाकूड फुगतं आणि दगड सांगू तिथंच उकलतो."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

लोक हसले. "म्हाताऱ्याचे हात कापतात!"

राजा म्हणाला, "आणि तोवर तुझी नात सरपटणार?"

ते बयाजीला लागलं.

मग राजानं घण उचलला. पहिल्या घावाला ऊन घुसलं आणि बघणाऱ्यांचे डोळेच गेले, तीन दिवस. दुसऱ्या घावाला दरड कोसळली, ते भोक आणि धान्याचं कोठार दोन्ही बुजलं. तिसऱ्या घावाला शिळा सुटली आणि राजाच खाली अडकला. सगळे पळाले. बयाजी पळाला नाही. त्यानं शिळेखाली पाचरी सारल्या आणि पाणी पाजत बसला. चार प्रहरांनी शिळा बोटभर उठली. राजा खालून निघाला.

"बयाजीबाबा, जिवाचं देणं झालं. काय देऊ?"

"मी छतात पाचरी ठोकतो, तुम्ही त्यांना पाणी घाला. रोज, स्वतःच्या हातानं."

"उद्यापासून घालतो."

"उद्या कशाला? सावकाश म्हणजे उद्या नव्हे. घागर उचला."

त्याच दिवशी येसूच्या बाजेवरच्या छताला तिळाएवढं भोक पडलं. मग हरभऱ्याएवढं. मग ताटाएवढं. डोळे सरावले. येसू बसू लागली. मग भिंत धरून उभी राहिली.

आता डोळे मिटा. पुढचं मिटल्या डोळ्यांनी ऐका.

तिसऱ्या वर्षी डोंगर सरळ रेषेत उकलला. एक खडा पडला नाही. येसू आपल्या पायांनी बाहेर चालत गेली, मागून सगळं गाव. तिथंच उन्हात घरं बांधून सुखानं राहिलं. बयाजी ताठ मानेनं उभा होता. शेवटी राजा आला, घागर घेऊन. बयाजीनं ती त्याच्या खांद्यावरून उतरवली.

"फिटलं," म्हणाला.