राजासमोर ठकूची चटई

"कर्ज फेड, नाहीतर ढोल दे!" असे ओरडून भिकूशेठ सावकाराने रायबाच्या दारातच बैठक मारली. शेठ धरणे धरून बसले!

कुंभगडच्या राज्यात धरण्याची रीत मोठी कडक. घेणेकऱ्याने देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचे, आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनीही अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. शेठ येण्याआधी घरून चांगले दहा लाडू चापून आले होते. रायबाच्या घरात मात्र कालपासून चूलच पेटली नव्हती.

रायबा गावचा दवंडीवाला. महाराजांनी हौसेने हत्ती घेतला, खजिना रिकामा झाला आणि रायबाचा पगार थांबला तो थांबलाच. हत्ती मात्र वेळच्या वेळी जेवत होता! रायबाने आधी कौलांसाठी कर्ज काढले, मग पिठासाठी, आणि मग त्याच कर्जाचे व्याज भरण्यासाठी. आता पाणी गळ्याशी आले होते.

"ठकू, देऊन टाकू का गं ढोल?" त्याने रडवेल्या आवाजात लेकीला विचारले.

"आणि उद्या पगार सुरू झाला तर काय बडवाल, आबा? कपाळ?" ठकू फणकारली. मग ती शेठकडे वळली. "काय हो शेठ, धरण्याची रीत सगळ्यांना सारखीच ना?"

"म्हणजे काय! रावापासून रंकापर्यंत!" शेठ पोटावर हात फिरवत म्हणाले.

"आबा, ऐकलंत ना?" म्हणत ठकूने काखेत चटई मारली आणि थेट राजवाडा गाठला.

तिकडे महाराज पाटावर बसले होते. ताटात गरम पुरणपोळी, वर तुपाची धार. पहिला घास उचलला, तोच शिपाई धापा टाकत आला. "महाराज, थांबा! दारात एक पोरगी धरणं धरून बसलीये!"

महाराजांचा घास हातातच राहिला. तसेच तणतणत ते बाहेर आले. "कोण गं तू? आम्ही तुझं काय देणं लागतो?"

"मी रायबा दवंडीवाल्याची ठकू. आबांचा पगार थकलाय, महाराज. तो मिळेपर्यंत मी जेवायची नाही, आणि तुम्हीपण नाही!"

"खजिन्यात खडखडाट आहे!"

"आमच्या डब्यातही तोच आहे, महाराज."

महाराज चिडले. पण करणार काय? ही रीत त्यांच्याच आजोबांनी घातलेली! आतून वेलदोड्याचा वास आला आणि त्यांचा उरलासुरला धीर सुटला.

"ऐक पोरी! पोळ्या निवायच्या आत हे धरणं उठव. खजिन्यातून छदाम निघणार नाही, आणि रीतही मोडायची नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर तुझ्या बापाचा ढोल हत्तीच्या पायाखाली!"

ढोल गेला की घर बसलेच! पण ठकूचे डोळे लुकलुकले. "जमलं, महाराज! उचला तो पाट आणि चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"भिकूशेठच्या दारात. धरणं धरायला!"

"आम्ही? धरणं? तो आमचं काय देणं लागतो?"

"बाजारपट्टी! शिमग्यात आबांनीच दवंडी पिटली होती, ज्यांची पट्टी थकली त्यांनी भरावी म्हणून. शेठनं आपल्या दारापुढे ढोल हळू वाजवायला सांगितला, वर मूठभर शेंगदाणे दिले. तेही खवट!"

झाले! महाराज पाट घेऊन निघाले. मागे चटई घेतलेली ठकू, तिच्यामागे हत्ती आणि हत्तीमागे अख्खे गाव.

भिकूशेठचे घर रायबाच्या घरासमोरच. महाराज शेठच्या दारात बसले. महाराजांपुढे चटई टाकून ठकू बसली. आणि समोर रायबाच्या दारात शेठ तोंड वासून बसलेलेच होते!

"अहो, महाराज दारात बसलेत! आता मी जेवू कशी?" आतून शेठाणी किंचाळल्या.

इकडे हत्तीला काही रीत लागू नव्हती. त्याने शेठच्या परसातली केळ उपटली आणि चवीने खायला सुरुवात केली.

"माझी केळ! महाराज, उठा हो!" शेठ कळवळले.

"आधी पट्टी भर!"

"भरतो, पण पैसे रायबाकडे अडकलेत!"

"रायबा, देऊन टाक त्याचे पैसे!"

"देतो महाराज, पण ते..." रायबा चाचरला, "ते आपल्याकडेच आहेत."

हत्तीने दुसरी केळ उपटली.

"शेठ, तुम्ही आबांचं कर्ज सोडा," ठकू म्हणाली. "मी आबांचा थकलेला पगार सोडते, महाराज तुमची पट्टी सोडतील. फिटंफाट!"

"आणि माझं व्याज?"

"थकलेल्या पट्टीवर दंडही असतो ना, महाराज?"

"नको, नको! सोडलं व्याज!" शेठ घाईघाईने ओरडले. "पण आधी महाराजांनी उठावं!"

"आधी तू ऊठ!" महाराज गरजले.

कोणी हलेना! तेव्हा ठकू म्हणाली, "आबा, आणा तो ढोल. थाप पडली की सगळ्यांनी एकदम उठायचं!"

रायबाने ढोल गळ्यात अडकवला आणि अशी काही थाप मारली की महाराज, शेठ आणि ठकू एकदमच उभे राहिले. हत्तीसुद्धा दचकला आणि त्याने केळ टाकली. महाराज इतके हसले, इतके हसले की पाट हातातून निसटला!

"शाब्बास पोरी! चल, बापलेकी दोघांनी आज आमच्या पंक्तीला यायचं. आणि बक्षीस माग!"

"आबांचा पगार दर महिन्याला मिळावा, महाराज. हत्तीच्या चाऱ्याच्या आधी."

"दिला! पण समज, आम्ही विसरलो तर?"

ठकूने चटई झटकून पुन्हा काखेत मारली. "विसरा ना, महाराज! फक्त त्या दिवशी पुरणपोळी करायला सांगू नका."