भंगारवाला येण्याआधी

यंत्रं बोलली तरी माणसं दचकत नसत, त्या काळची ही गोष्ट. गुणाजी मेस्त्रींच्या सुतारशाळेत वडिलांच्या वेळेपासूनचा बिडाचा एक विजेचा रंधा होता. मेस्त्रींनी प्लॅस्टिकचा नवा रंधा आणला आणि सांगून टाकलं, "दोघांना जागा नाही. आज चालेल तो राहील, दुसरा भंगारात."

"आजोबा, तुम्हाला हलवायला चार माणसं लागतात म्हणे!" नवा खिदळला.

"पाच," म्हातारा ओशाळून म्हणाला.

तेवढ्यात त्याचा पट्टाच तुटला. मेस्त्रींनी सवयीनं दोन बोल्ट काढले, दुसरा पट्टा चढवला आणि म्हातारा घरघरत पुन्हा फणसाची फळी तासू लागला.

थोड्या वेळानं नव्यातून धूर आला. मेस्त्रींनी त्याला उलटासुलटा केला, पोटावर टिचक्या मारल्या, पण एकही स्क्रू सापडेना. बाहेर भंगारवाल्याची हाक ऐकू आली, तशी नव्याची बोबडी वळली.

"आजोबा, सांगा ना त्यांना, मला कुठून उघडायचं!"

म्हाताऱ्यानं त्याला खालीवर न्याहाळलं. "बाळा, मी बिघडणार हे माझ्या घडवणाऱ्याला ठाऊक होतं. तुझ्या घडवणाऱ्याचा मात्र तुझ्यावर फारच विश्वास दिसतोय रे."