वाटाड्याचा चेहरा

एकदा एका एकांतप्रिय चित्रकथाकाराच्या गावात त्याच्या चाहत्यांचा मेळावा भरला. मेळाव्याला सगळे आले, तो एकटा सोडून. टेकडीवरच्या घरात तो राहत असे आणि कोणाला भेटत नसे. लोकांनीही कधी त्याच्यामागे लकडा लावला नाही.

त्याने आयुष्यभर एकच कथा रंगवली होती, वाटाड्याची. वाट चुकलेल्यांना डोंगरापलीकडे पोहोचवणारा हा वाटाड्या प्रत्येक चौकटीत पाठमोराच दिसे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि मागून येणारा कोणी दमला-भागला जीव. त्याचं तोंड कसं आहे, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

मेळाव्याचा रिवाज असा, की ज्याने त्याने आपल्या मनातला वाटाड्या समोरून काढायचा आणि भिंतीवर लावायचा. नावाजलेले चित्रकार काढत, तशी कधी पेन्सिल न धरलेली माणसंही काढत. त्या वर्षी एका वृद्ध चित्रगुरूंबरोबर त्यांचा शिष्यही आला होता. हात चांगला, पण त्याचं गाडं चेहऱ्याशी अडलेलं. घोंगडी झाली, काठी झाली, तोंडाच्या जागी नुसता कोरा कागद. संध्याकाळी चित्रं पाहायला गाव लोटणार होतं, आणि त्याच्यासाठी राखलेली जागा भिंतीवर रिकामी दिसत होती. हे एक चित्र जमलं नाही तर कुंचला कायमचा ठेवून द्यायचा, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

इतरांचं पाहून काही सुचेल म्हणून तो भिंतीपाशी गेला, तर डोकंच चक्रावलं. एका मोठ्या चित्रकाराचा वाटाड्या कृश, खोल डोळ्यांचा. शेजारी एका परिचारिकेने वाटाड्याला चक्क बाईचा चेहरा दिलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. एका बसवाहकाच्या वाटाड्याला पुढचे दात नव्हते, आणि तो खुशाल हसत होता. बरं, भांडण म्हणाल तर तेही नाही. तो मोठा चित्रकार परिचारिकेला म्हणत होता, "ताई, तुमचा वाटाड्या अगदी खरा उतरलाय." आणि ती म्हणत होती, "तुमचाही."

"दोन्ही खरे कसे असतील?" शिष्याने गुरुजींना विचारलं. "माझं तर काही चालेनासं झालंय. ज्याने वाटाड्या जन्माला घातला, त्यालाच विचारू या ना."

गुरुजींनी काठी उचलली आणि ते टेकडी चढू लागले. शिष्य रोजच्यासारखा चित्र काढायची फळी काखेत मारून त्यांच्या मागे.

घराचं दार बंद होतं. शिष्याने अंगणातूनच हात जोडले आणि म्हणाला, "तुम्हाला त्रास द्यायचा नाही. वाटाड्याचा चेहरा कसा आहे, एवढंच सांगा."

बराच वेळ आत सामसूम. मग बोलायची सवय मोडलेला एक आवाज आला. "सांगता नाही येणार. दाखवतो. थांब."

आत कागद सळसळले. खिडकी किलकिली झाली. आणि नेमक्या त्याच क्षणी गुरुजींनी पुढे होऊन शिष्याचे डोळे आपल्या तळहाताने घट्ट झाकले.

"अहो गुरुजी, हे काय करताय?" शिष्य धडपडला, पण म्हाताऱ्याची पकड सुटेना. सुटली तेव्हा खिडकी लागलेली होती. आतून कोणी खुदकन हसल्यासारखं वाटलं.

शिष्याचा संताप झाला आणि रडूही आलं. तोंडाशी आलेला घास असा काढून घ्यायचा, तोही आपल्याच गुरूने? अर्ध्या उतारावर तो एका दगडावर बसून राहिला. मग गुरुजीही बसले.

"त्या परिचारिकेने आपल्या आत्याला काढलंय," ते म्हणाले. "आईवडील गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं. वाहकाने थोरल्या भावाला काढलंय. अरे, जो पुढे चालतो त्याचं तोंड मागच्याला दिसत नाही, पाठ दिसते. प्रत्येकाने त्या एका पाठीवरून आपलं माणूस ओळखलं, म्हणून खाली भांडण नाही. आज तू एक चेहरा पाहून गेला असतास, तर अख्खी भिंत खोटी पडली असती. तुला नक्कल करायला चेहरा मिळाला असता. तुझा मात्र मिळाला नसता."

शिष्याने डोळे पुसले. मग राहवेना. "पण कसा होता तो?"

"मला काय ठाऊक? मीही डोळे मिटले होते." गुरुजी जरा ओशाळले. "बघावंसं मलाही फार वाटलं रे. पण माझ्या मनात माझ्या गुरूंचा चेहरा आहे. तो मला पुसायचा नव्हता."

दोघे पुन्हा उतरू लागले. शिष्याचा गोंधळ काही मिटला नव्हता. आपल्यापुढे कोण चाललं? त्याने वडील आठवून पाहिले, मामा आठवून पाहिला. कोणी बसेना. पाऊलवाटेवर करवंदीची फांदी आडवी आली होती. गुरुजींनी ती काठीने बाजूला सारली आणि शिष्य पार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. मग त्याच्या पुढे होऊन चालू लागले. हे तर रोजचंच होतं.

शिष्य जागच्या जागी थांबला.

"गुरुजी, जरा मागे वळता का?"

"का रे, काटा लागला?" असं म्हणत गुरुजी वळले.

 शिष्याने फळी गुडघ्यावर टेकवली आणि तो कितीतरी वेळ नुसता त्यांच्याकडे पाहत राहिला.

ज्याची पाठ आपल्याला पाठ झाली आहे, त्याला तो पुढे चालतो आहे तोवरच हाक मारावी.