शिडाच्या दोराची गाठ

समुद्राचं पाणी अजून गोड होतं म्हणतात, तेव्हाची ही गोष्ट. भरती आली होती, इनासबाबा येण्यातच होता, पण त्याच्या होडीचं शीड काही वर चढेना. शिडाच्या दोराला गाठ बसली होती, ती कप्पीतून जाईना.

"असा कसा जाऊ बाबाच्या हाती? आधी माझा मीच सरळ होईन," म्हणत दोराने अंग ताणलं. गाठ आणखी आवळली. त्याने पुन्हा ताणलं, तशी ती दगडासारखी झाली.

"अजून जोर हवा!" दोर धापा टाकत म्हणाला.

वल्हं हसलं. "जोरानेच तर गाठ आवळतोयस, शहाण्या!"

बाकीच्या होड्या निघाल्यासुद्धा! आपल्यापायी बाबा मागे राहणार, म्हणून दोर रडकुंडीला आला. तेवढ्यात क्रूसाची खूण करून बाबा होडीत चढला.

"बाबा, मी हा असा..."

"दिसतंय रे मला. तू नुसतं अंग सैल सोड."

दोराने ताण सोडला आणि मुकाट बाबाच्या हातात पडला. खरबरीत बोटं हळूहळू गाठीत शिरली, आणि सुर्रकन गाठ सुटली! कप्पी करकरली, शीड फुगलं, होडी उसळली!

"दोरभाऊ, वारा केवढा सुटलाय! झेपेल ना?" वल्हं ओरडलं.

"मला काय विचारतंस?" दोर वरून खिदळला. "टोक बाबाच्या हातात आहे!"