डावी कळी

एका राज्यात देवीला विचारल्यावाचून राजा उंबरठा ओलांडत नसे. विचारायची रीत साधी. गुरवानं दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या, दगडी देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जे पडेल ते पायरीवर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. एवढंच गुरवाचं काम.

पुढं रणधवल राजाच्या मनात तळ्याच्या तळचं सोनं भरलं. देवीला विचारलं, तर डावी कळी पडली. पण राजाच्या तलवारीकडं बघून म्हाताऱ्या गुरवानं उजवी सांगितली. सोनं वर आलं, त्याच्यामागं शापही आला. खर्चायला काढलं की त्या सोन्याचे खेकडे व्हायचे आणि तुरुतुरु खजिन्यात परत जायचे. आणि त्या दिवसापासून राज्यात जन्मलेलं एकही मूल रडलं नाही, बोललं नाही. देवीही गप्प झाली. कळ्या तिच्या खांद्यांवरच सुकू लागल्या.

म्हातारा झुरून मेला. त्याच्या जागी त्याचा लेक भागोजी उभा राहिला. भागोजीची मुलगी सगुणी, तीही मुकीच. तो रोज सकाळी कळ्या लावायचा, वाट बघायचा आणि पायरीवर येऊन म्हणायचा, "काही पडलं नाही." लोक हसायचे. गुरवबाबा, दगडाला आणखी किती न्हाऊ घालणार, असं विचारायचे.

देवळाच्या कळसावर एक भारद्वाज पक्षी राहत असे. तो एके दिवशी म्हणाला, "भागोजी, तुला तीनदा खोटं बोलायला लावू बघतील. तीनदा तोंड जपलंस, तर देवी बोलेल."

"आणि माझी लेक?"

पक्षी उडून गेला.

पहिल्यांदा राजा आला. म्हणाला, "गुरवा, सोनं माझ्या हाती टिकलं पाहिजे. उजवी सांग."

"पडली तर सांगेन, महाराज."

ती पडली नाही. राजानं देवळाचं शेत काढून घेतलं. भागोजीची चूल थंडावली.

दुसऱ्यांदा आया आल्या, मुकी लेकरं कडेवर घेऊन. त्यांतली बनाई पुढं झाली. "भावा, खोटी का होईना, एकदा उजवी म्हण. आमच्या जिवाला तेवढाच आधार." पण कळी पडली नव्हती, आणि भागोजीनं तसंच सांगितलं. आयांनी पाठ फिरवली. गावानं त्याला वाळीत टाकलं, विहिरीवर येऊ दिलं नाही. त्या दिवशी गाभाऱ्यात बसून तो देवीला म्हणाला, तू आहेस की नाहीस, तेवढं तरी सांग. तेही तिनं सांगितलं नाही.

तिसऱ्यांदा आला धुंडीनाथ, राजाचा मांत्रिक. त्याच्या हातात एक वाळका भोपळा होता. शापानं हरवलेला सगुणीचा आवाज त्यानं हुडकून आत कोंडला होता. त्यानं बूच जरासं सैल केलं.

"बा..." सगुणी म्हणाली.

"पुढचं अक्षर हवंय ना, गुरवा? मग उजवी म्हण."

भागोजीनं कळ्यांकडं बघितलं. दोन्ही जागच्या जागी. लेकीकडं बघितलं. ती ओठांवर बोट ठेवून, आत्ता काय झालं ते चाचपत होती. त्यानं आनंदानं जीव दिला असता, पण जीव कुणी मागत नव्हतं.

"काही पडलं नाही," तो म्हणाला.

मांत्रिकानं भोपळा पालथा केला. आवाज पाण्यासारखा सांडला आणि मातीनं पिऊन टाकला.

तेवढ्यात गाभाऱ्यात बारीकसा ओला आवाज झाला. डावी कळी पडली होती. बापाच्या वेळचा तोच जुना नकार. भागोजी धडपडत पायरीवर आला आणि फुटक्या गळ्यानं ओरडला, "डावी! डावी पडली!"

शाप तुटला. सोन्याचे खेकडे झाले आणि भरल्या दरबारातून चालत तळ्यात उतरले. धुंडीनाथ राज्याबाहेर पळाला. घराघरांत मुलं रडू लागली आणि ते रडणं ऐकून आयाही रडल्या. राजा अनवाणी आला, खालच्या पायरीवर बसला, शेत परत दिलं.

सगुणी तेवढी बोलली नाही. सांडलेलं भरता येत नाही, असं भारद्वाज म्हणाला. म्हणताना त्यानं भागोजीकडं बघितलं नाही. भागोजी पुष्कळ जगला, पण त्या अर्ध्या हाकेपुढं त्याच्या कानांना दुसरं काही गोड लागलं नाही.

त्याच्यामागं सगुणीच गुरवीण झाली. ती कळ्या लावते, पायरीवर येते आणि जी कळी पडेल त्या बाजूचा हात वर करते. सारं राज्य श्वास रोखून बघतं. डावा हात वर गेला की राजासुद्धा मुकाट्यानं घरी जातो.