पृथ्वीचा शेवट, घोडेमाळ

नगरकडच्या आमच्या मिशनातली राहेलमावशी चाळीस वर्षं रोज पायी घोडेमाळच्या वस्तीवर जाऊन येशूच्या गोष्टी सांगायची. नवा गोरा साहेब भर सभेत म्हणाला, "बाई, प्रभूची आज्ञा पृथ्वीच्या शेवटापर्यंत जाण्याची आहे. तुम्ही एका वस्तीपुढे सरकला नाहीत. उद्यापासून घरी बसा."

मावशीनं पदर खोचून विचारलं, "साहेब, विलायतेहून तुम्ही कुठं निघाला होता?"

"अर्थात, पृथ्वीच्या शेवटाला!"

"आणि उतरलात आमच्यात! ज्या शेवटासाठी तुम्ही सात समुद्र ओलांडले, तिथं मी रोज न्याहारी करून जाते अन् जेवायला घरी येते."

साहेबालाही हसू फुटलं. सकाळी मावशी पुन्हा वाटेला लागली.

आता मावशी नाही. पण घोडेमाळला निघालेल्याला जुनी माणसं अजून हटकतात, "पृथ्वीच्या शेवटाला का? मग जेवायला परत या!"