साळुंकीची दुपारची गोष्ट

फार जुनी गोष्ट आहे, पण म्हाताऱ्यांना अजून कळलेली नाही. माळावरच्या उंबरावर बसून एक साळुंकी रोज दुपारी एकच लांबलचक गोष्ट सांगायची. त्यात सासू छळायची आणि सून रडायची. झाडाखाली बसलेल्या म्हशींची डोकी एक खार मोजायची. पाचाच्या खाली आकडा गेला की गोष्ट सांगायची फांदी बुलबुलाला द्यायची, असा नियम होता.

बारा वर्षं चाळीस म्हशी बसल्या. त्या उन्हाळ्यात वीस उरल्या, मग सहा. साळुंकी घाबरली. तिने मेलेला सासरा जिवंत केला, सुनेची स्मृती घालवली, एकच थप्पड तीनदा सांगितली. तरी खार म्हणाली, "आज पाच."

झाडावरची जाणती मंडळी जमली. "हल्लीच्या रेडकांना संस्कारच नाहीत," घुबडआजोबा म्हणाले. ते स्वतः रोज दुपारभर घोरायचे, हे कोणी बोललं नाही.

शेवटी साळुंकीने थोरल्या म्हशीलाच विचारलं, "काकू, सुनेचं काही चुकतंय का?"

"कुणाची सून गं?"

"अहो, बारा वर्षं ऐकताय ना!"

"बारा वर्षं झोपतेय, बाई. इथं सावली गार होती. होळीनंतर मोठी फांदी मोडली, तशा बाकीच्या चिंचेखाली गेल्या. उद्या मीपण जाणार."

साळुंकीला काहीच समजेना. "पण सून रडली की तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं! मी स्वतः पाहिलंय!"

"माश्या गं," म्हैस म्हणाली आणि उठली.